लुंबिनी धम्मयात्रा आणि चष्म्यांचं शिबिर: आईला घेऊन गेले त्याचा पूर्ण अनुभव

जयभीम सगळ्यांना. नोव्हेंबरमध्ये आईला घेऊन नेपाळला लुंबिनीला, बुद्धांच्या जन्मस्थानी, जाऊन आले आणि तेव्हापासून विहारातल्या किती जणींनी विचारलंय की कसं होतं, कितीला पडलं, म्हाताऱ्या माणसाला झेपतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. संस्थेचं नाव लिहीत नाहीये. चांगलं बरंच आहे पण न पटलेलंही आहे, आणि माणसं मनापासून राबणारी आहेत, त्यांना चारचौघात उभं करायचं नाहीये मला. त्यांना जे सांगायचं ते मी समोर बसून सांगितलंय.

मी नाशिकला चष्म्याच्या दुकानात १७ वर्षं काउंटरला आहे. नंबर काढत नाही, पण फ्रेम बसवणं, ट्रायल फ्रेम लावून देणं, माणूस दारातून आला की याला जवळचा किती लागेल याचा अंदाज, हे हातात बसलंय. आई ६७ वर्षांची, चौथी शिकलेली, गुडघे दुखतात. पूर्वी दर बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्या चढून जायची, आता दोन वर्षं झाली पायथ्याच्या विहारातच बसून वंदना करते. तिचं एकच म्हणणं, एकदा लुंबिनीची माती कपाळाला लावू दे मग काही नको. मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणायचे. शेवटी ही यात्रा समोर आली आणि त्यात लिहिलेलं की दर्शनाबरोबर तिथल्या गावात चष्म्यांचं शिबिर आणि शाळेला वह्या-दप्तरं, मदतनीस पाहिजेत. म्हणलं आता नाही तर कधी.

पैशाचं आधी सांगते. माणशी १८,५०० रुपये, त्यात नाशिकरोडपासून थर्ड एसीचं तिकीट, पुढची बस, राहणं, तीन वेळचं खाणं सगळं आलं. नऊ दिवस. त्याशिवाय १,५०० रुपये सेवानिधी, आणि त्याची पावती वेगळी. ही वेगळी पावती मला फार महत्त्वाची वाटली, कारण यात्रेच्या पैशात दानाचे पैसे मिसळले की कोणाचं जेवण कोणाच्या दानातून झालं ते कधीच कळत नाही. तुम्ही कुठल्याही संस्थेबरोबर जा, हा एक प्रश्न आधी विचारा. आणि तोंडी उत्तरावर थांबू नका, पावती बघा.

कागदपत्रांचं काम त्यांनी खरंच चोख केलं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून लोक निवांत असतात आणि फक्त आधार कार्ड खिशात घालून निघतात. पण पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर फक्त १५ च्या आतल्या मुलांचं आणि ६५ च्या वरच्या माणसांचं भागतं. संस्थेच्या दादांनी पैसे घ्यायच्या आधी प्रत्येकाचं मतदार कार्ड समोर ठेवायला लावलं, चार जणांची नावं कार्डावर चुकीची होती, त्यांना दुरुस्त करून आणायला दोन महिने मिळाले. आईचं आधारवर झालं असतं तरी मी मतदार कार्डही घेतलं होतं. आणि आम्ही शंभर शंभरच्या नोटा नेल्या होत्या, तेव्हा तिथं शंभरच्या वरच्या भारतीय नोटेला खळखळ व्हायची. दर ठरलेला आहे, आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. आपलं सिम रोमिंगशिवाय चालत नाही, आम्ही दोघींत एक तिकडचं सिम घेतलं.

ट्रेनबद्दल फार काही नाही सांगण्यासारखं. कुशीनगर एक्सप्रेस, नाशिकरोडला रात्री उशिरा येते, पुढचा आख्खा दिवस आणि रात्र गाडीतच, मग गोरखपूर. खालचे बर्थ वयस्कर लोकांना द्यायचं ठरलेलं असून तिकिटं काढताना कोणी लक्ष दिलं नाही, ७० वर्षांच्या एका काकांना वरचा बर्थ आला, शेवटी तरुण पोरांनी आपापसात बदलून घेतलं. पहिल्या दिवशी आपण ४२ जण आणि दोन भंतेजी असं मोजून बसवलं. कुशीनगरला एक मुक्काम, महापरिनिर्वाण विहारात ती ६ मीटरच्या वर लांबीची पहुडलेली मूर्ती, तिथं आम्ही संध्याकाळची वंदना घेतली. मूर्ती डोक्याकडून एक, मधून एक आणि पायाकडून एक अशी वेगवेगळी भासते असं म्हणतात, आई पायाकडेच बसून राहिली.

बॉर्डर सोनौलीला. इथं आमचे तीन तास गेले आणि चूक अर्धी आमची. माणसं दहा मिनिटांत पार झाली, अडलं ते ६०० चष्म्यांच्या खोक्यांवर. नेपाळच्या कस्टमला तिकडे भन्सार म्हणतात, तर भन्सारवाल्याचं म्हणणं एवढा एकसारखा माल म्हणजे विक्रीचा. आणि त्याचं चुकलं काय, तो त्याचं काम करतोय. बॉर्डरपलीकडच्या भैरहवा शहरातल्या ज्या स्थानिक संस्थेबरोबर शिबिर ठरलं होतं त्यांचं पत्र आमच्याकडे होतं, पण ते मोबाईलमध्ये, छापलेलं नाही, शिक्क्याचं तर नाहीच. शेवटी तिकडून एक जण मोटारसायकलवर मूळ पत्र घेऊन आला. तोपर्यंत ४२ माणसं रस्त्याच्या कडेला, ट्रकांची रांग, धूळ, आणि बायकांना जायला धड जागा नाही. आईसारख्या बाईला तीन तास हे अवघड जातं. कागद छापून शिक्का मारून न्यायला दहा रुपये लागले असते.

पण औषधांचं मात्र त्यांनी शहाणपणानं केलं. एकही औषध इथून नेलं नाही. तिकडे औषध नेण्याचे नियम वेगळे, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडचा डॉक्टर उठून तिथं पेशंट तपासू शकत नाही, त्यासाठी नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. आमच्यात दोन डॉक्टर होते, त्यातल्या एकांना हे आवडलं नव्हतं, मी एवढा अनुभवी आणि मी नुसता उभा राहू का. पण संस्थेनं ठाम सांगितलेलं की तपासणी भैरहवाहून येणारी माणसं करणार, आपण नोंदणी, रांग, चष्मे वाटप, पाणी, पंखा एवढंच. मला हे शंभर टक्के पटलं. आपण दोन दिवसांनी गाडीत बसून निघून जाणार, मग तिथल्या म्हातारीच्या डोळ्यात आग झाली तर तिनं कोणाकडे जायचं?

आम्ही लुंबिनीत पोचलो ती २० नोव्हेंबरची संध्याकाळ. १९५६ साली याच तारखेला बाबासाहेबांनी काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत भाषण केलं होतं, नागपूरच्या दीक्षेला तेव्हा सव्वा महिना झालेला, आणि पुढे १६ दिवसांनी ते गेले. भंतेजींनी जेवणानंतर अंगणात सगळ्यांना बसवून एवढंच सांगितलं, तब्येत किती खालावलेली होती, तरी ते या देशात आले. कोणी काही बोललं नाही बराच वेळ. आमच्या गटात येवल्याचे एक आजोबा होते, त्यांचे वडील १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतर घोषणेच्या सभेला हजर होते, ते डोळे पुसत होते. मला वाटतं यात्रेचं नियोजन करणाऱ्यानं मुद्दाम ही तारीख साधली असेल तर त्याला सलाम.

आता लुंबिनी. माझी मावशी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बसनं गेलेली, तिला अडीच तास मिळाले होते, त्यातला अर्धा तास पार्किंगपासून चालण्यात. आम्हाला आख्खा दीड दिवस मिळाला आणि या यात्रेचा सगळ्यात मोठा फायदा हाच. परिसर फार मोठा आहे, तीन मैल लांब एक मैल रुंद, मधून कालवा, कालव्याच्या पूर्वेला थेरवाद पंथाच्या देशांचे विहार, पश्चिमेला महायान-वज्रयान पंथवाल्यांचे. ई-रिक्षा मिळतात, पण पवित्र बगीच्यात, म्हणजे मायादेवी मंदिराच्या भागात, शेवटपर्यंत चालावंच लागतं, गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी घडीचं स्टूल न्या. आम्ही नेलं होतं, दर दोनशे पावलांवर आई बसायची.

मायादेवी मंदिर बाहेरून साधं पांढरं आहे. आत भव्य काही नाही, हे आधी माहीत असलेलं बरं, कारण आमच्यातल्या काहींचा हिरमोड झाला. आत जुन्या विटांच्या भिंतींचे पाये आहेत, त्यांच्या कडेनं लाकडी फळ्यांची वाट, आणि मधोमध काचेखाली तो दगड, १९९६ साली उत्खननात सापडलेला, जन्माची नेमकी जागा दाखवणारा. चपला बाहेर, फोटो बंद. फोटो बंद आहेत ते किती चांगलं आहे हे आत गेल्यावरच कळतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा गर्दीत रांग ढकलली गेली, आईला दगड दिसला पण थांबता आलं नाही, बाहेर येऊन ती गप्पच. भंतेजींनी बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला सकाळी दार उघडताच नेलं, धुकं होतं, आत दहा-बारा माणसं, आणि मग आई त्या काचेजवळ उभी राहिली, हात जोडून, ओठ हलत होते. तिला पाली पाठ आहे सगळं. मी तिच्याकडे बघत होते, दगडाकडे बघायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

बाहेर आल्यावर अशोकस्तंभ. लोखंडी कुंपण आहे, स्तंभाला चीर गेलीय आणि पट्टे मारलेत. १८९६ मध्ये तो पुन्हा उजेडात आला तोवर ही जागा जंगलात हरवल्यासारखी होती. त्यावरची ब्राह्मीतली अक्षरं आजही स्वच्छ दिसतात. भंतेजींनी ओळ ओळ सांगितली. राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर राजा स्वतः आला, इथं शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून वंदन केलं, शिलास्तंभ उभारला. आणि शेवटची ओळ, ती मी लहानपणापासून कधी ऐकलेलीच नव्हती, की लुंबिनी गावाचा बलि म्हणजे कर माफ केला आणि पिकातला वाटा आठवा ठरवला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजा दर्शनाला आला तर आसपासच्या शेतकऱ्याच्या घरात जास्तीचे चार दाणे राहिले. भंतेजी म्हणाले, आपण उद्यापासून जे करायचंय ते याच ओळीखाली करायचंय. मला ते इतकं लागलं की पुढचे सगळे दिवस मी त्याच मापानं मोजत राहिले, आपण आल्यामुळे इथल्या घरात काय राहिलं.

कारण तिथली गोष्ट अशी आहे की १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट, ते स्वतः ब्रह्मदेशचे बौद्ध, इथं आले, जागेची अवस्था बघून हेलावले, मग जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांनी आराखडा केला, १९७८ ला मंजूर झाला. १९९७ मध्ये जागतिक वारसा. सगळं चांगलंच. पण त्या आराखड्यासाठी आतली गावं बाहेर हलवली गेली, आणि आज कुंपणाच्या बाहेर चार-पाच किलोमीटरवर जाऊन बघा, मातीची घरं, शाळेला छप्पर आहे तर बाक नाही. जगभरातून लोक येतात, सोन्याचा मुलामा दिलेले विहार बघतात, परत जातात.

शाळेचं त्यांनी ठेवलं शनिवारी. आणि नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. रविवारी शाळा भरते. हे आदल्या रात्री जेवताना तिकडच्या माणसानं विचारलं तेव्हा कळलं. ४२ माणसांची यात्रा, तीन महिने तयारी, आणि कोणी एक फोन करून विचारलं नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू. शनिवारी मग तिलौराकोटला गेलो, ते चांगलं झालं, पण शाळा रविवारवर गेली आणि रामग्राम रद्द झालं. रामग्रामचा स्तूप म्हणजे आठ मूळ स्तूपांपैकी अशोकानं न उघडलेला एकमेव, त्यासाठी येवल्याचे ते आजोबा खास आले होते. त्यांनी शब्दानं तक्रार केली नाही. मी त्यांच्यातर्फे केली.

तिलौराकोट लुंबिनीच्या पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, शाक्यांची कपिलवस्तू ती हीच असं नेपाळमध्ये मानतात, आपल्याकडे पिपरहवाला मानणारेही आहेत. आमराई, विटांचे अवशेष, गर्दी अजिबात नाही, शांत. पूर्वेचा दरवाजा दाखवतात, सिद्धार्थ घर सोडून याच बाजूनं गेला म्हणून. तिथं बसून भंतेजींनी घर सोडण्याचं बाबासाहेबांनी मांडलेलं कारण सांगितलं, म्हातारा, रोगी, प्रेत बघून नाही तर शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला तंटा, युद्धाला विरोध, शाक्य संघाचा निर्णय. ती रोहिणी आजही तिकडच्या शेतांतून वाहते, पुढे गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. पुस्तकात वाचलेली नदी खरंच आहे आणि तिच्या पाण्यावर आजही भात पिकतो हे आईला कोणीतरी सांगितलं तर ती म्हणाली, मग भांडण आजही असेल गं.

रविवारी शाळेत जे झालं ते मनाला लागलं म्हणून सविस्तर लिहिते. १८० दप्तरं, वह्या, पेन्सिली, कंपास. मुलं उन्हात ओळीत बसवलेली. आमच्यातल्या दोघांनी मोठा बॅनर उघडला, त्यावर आपल्याकडच्या देणगीदारांचे फोटो, आणि प्रत्येक मुलाला पुढे बोलावून दप्तर हातात देताना बॅनरसमोर उभं करून फोटो. एकेका मुलाला दोनदा, कारण पहिला फोटो हलला. एक मुलगी, असेल आठ वर्षांची, चेहरा खाली घालून उभी, तर आमचेच एक काका तिची हनुवटी धरून वर करतायत, इकडे बघ इकडे बघ. मी पुढे जाऊन म्हणलं काका सोडा तिला. ते म्हणाले अगं देणगी देणाऱ्याला पुरावा नको का. म्हणलं पुरावा म्हणजे शाळेच्या शिक्क्याची पोच, पोरीचं तोंड नाही. आवाज चढले, हे मला मान्य आहे, आणि मुलांसमोर चढायला नको होते. पण आपल्या आज्या-पणज्यांनी कोणाच्या ना कोणाच्या दारात हात पसरून उभं राहून काय सोसलंय ते आपल्यालाच माहीत, मग आपण कुणाला तसं उभं करायचं?

भंतेजी उठून आले, त्यांनी बॅनर स्वतःच्या हातानं गुंडाळला. उरलेली दप्तरं वर्गशिक्षकांकडे दिली, ते वर्गात नेऊन बाकावर ठेवतील. रात्री बैठक झाली आणि संस्थेच्या दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक झाली, पुढच्या शिबिरात फोटो फक्त सामानाचा आणि पाठमोऱ्या रांगेचा. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. चूक कुठल्याही संस्थेची होते, पण त्याच रात्री बदलणारी मी तरी पहिल्यांदा बघितली, म्हणून हे तक्रारीतही धरा आणि कौतुकातही.

आणि सोमवारी शिबिर. हा दिवस मी जन्मात विसरणार नाही. लुंबिनीच्या दक्षिणेकडचं गाव, मुस्लिम घरं बरीच, बाकी दलित, यादव. बोली अवधी-भोजपुरीकडे झुकणारी, हिंदी सगळ्यांना कळते. सकाळी सातलाच बायका येऊन बसलेल्या. मी नोंदणीच्या टेबलावर. वय विचारलं की कोणी सांगू शकत नाही, नागरिकतेचं कार्ड पुढे करतात, त्यावर जन्मसाल २०२२. मी पहिल्यांदा दचकलेच. त्यांचं विक्रम संवत, तेव्हा २०८२ चालू, म्हणजे बाई साठीची. मग मी टेबलाला कागद चिकटवला आणि वजाबाकी करत बसले, दहा-पंधरा जणांनंतर सवय झाली.

जवळचं दिसतं का ते तपासायला आपण दुकानात वाचायचं कार्ड देतो. इथं वाचता येणाऱ्या बाया पाचात एक. भैरहवाहून आलेल्या ताईंनी पिशवीतून सुई-दोरा आणि मूठभर खडे घातलेले तांदूळ काढले. सुईत दोरा ओवून दाखव, तांदळातला खडा काढून दाखव. १७ वर्षं या धंद्यात आहे, मला हे कधी सुचलं नव्हतं. ज्या बाईला वाचायचंच नाही तिला चष्मा हवाय तो निवडण-टिपणासाठी, शिवणासाठी, बाळाच्या केसातली ऊ काढायला, मग नंबर त्यावरच बघायला पाहिजे. आईला मी सावलीत बसवलेलं, ती उठून सुईच्या टेबलाशी गेली आणि दिवसभर तिथंच बसली. मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या बोलीत, आणि कोणाचं काही अडत नव्हतं. एका मावशींना +२.५० नंबरचा चष्मा लावला, त्यांनी सुई धरली, एका झटक्यात दोरा आरपार. त्यांनी सुई खाली ठेवली नाही, परत दोरा काढला, परत ओवला, तीनदा. मग आईचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला.

आता गडबड काय झाली ते. ६०० चष्म्यांत +१.०० चे २०० आणि +१.५० चे २०० होते, +२.५० चे फक्त ५०, +३.०० चे ३०. हे कोणीतरी घाऊक बाजारात जसं स्वस्त मिळालं तसं उचललेलं. शहरात चाळिशीचा माणूस लगेच चष्मा घेतो म्हणून एकचा खप जास्त, पण असल्या गावात पन्नास-साठ वय होईस्तोवर कोणी डोळ्यांना काही लावलेलंच नसतं, तिथं दोनच्या वरचेच जास्त लागणार. साडेअकरालाच +२.५० संपले. रांगेत दोनशेवर माणसं. आमच्यातल्या काही जणांचं म्हणणं, दोनचा द्या, काहीतरी दिसेल. मी आणि त्या भैरहवाच्या ताई दोघी अडून बसलो. चुकीच्या नंबरचा चष्मा दोन दिवस वापरतात, डोकं दुखतं, पेटीत ठेवून देतात, आणि पुढच्या वेळी खरा चष्मा आला तरी नको म्हणतात. मग ६३ जणांची यादी केली, नाव, वॉर्ड, नंबर, आणि नंतर पाठवायचं ठरवलं. त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवताना जीव तुटला. चार चार तास उन्हात बसलेल्या बाया. पुढच्या वेळी मला आधी विचारा, मी फुकट यादी करून देते असं मी दादांना तिथंच सांगितलं.

मोतीबिंदूचे ३१ निघाले. त्यांना तिथं काहीच करायचं नव्हतं, फक्त चिठ्ठी आणि भैरहवाच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची तारीख. भैरहवाला लुंबिनी आय इन्स्टिट्यूट आहे, तिथं आपल्या यूपी-बिहारातूनही माणसं बॉर्डर ओलांडून ऑपरेशनला येतात, मला आधी वाटलं होतं आपण काहीतरी मोठं घेऊन चाललोय, पण डोळ्यांच्या बाबतीत तो भाग आपल्याला शिकवेल असा आहे. आपल्या सेवानिधीतून त्या ३१ जणांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि सोबतच्या माणसाचं जेवण ठेवलं. लोकांना वाटतं ऑपरेशनचे पैसे नसतात म्हणून म्हाताऱ्या जात नाहीत, पण ताई म्हणाल्या, न्यायला घरातला माणूस मोकळा नसतो, त्याचा दिवसाचा रोज बुडतो, ते खरं कारण.

राहण्याचं आणि खाण्याचं थोडक्यात. एका विहाराच्या धर्मशाळेत राहिलो, एका खोलीत चार जणी, गरम पाणी सकाळी तासभरच. चादरी स्वच्छ. पण वयस्कर बायकांना दुसरा मजला दिला, लिफ्ट नाही, आईला दिवसातून दोनदाच खाली उतरता यायचं. खोल्या वाटताना वय बघा एवढं साधं आहे. जेवण आपला आचारी बरोबर होता, पिठलं, वरण-भात, एक दिवस मटकीची उसळ. तिकडचा दाळ-भात-तरकारी पण छान असतो, दोनदा मुद्दाम बाहेर खाल्ला, आईला मोहरीच्या तेलाचा वास नाही चालला.

एक गोष्ट अजिबात पटली नाही. परतीच्या बसमध्ये माइक हातात घेऊन अजून देणगी द्या म्हणून नावं घेऊन विचारायला लागले, अमुक ताई किती, तमुक काका किती. धुणीभांडी करून पैसे साठवून आलेल्या बायका होत्या आमच्यात, त्यांनी परतीच्या रिक्षाचे पैसे काढून दिले. दान हे माणूस स्वतः उठून देतो, चालत्या बसमध्ये दार बंद करून मागितलं तर ते दान नाही. हे मी लेखी दिलंय त्यांना.

मग जायचं का यांच्याबरोबर? मी पुन्हा जाणार आहे. म्हातारं माणूस नेत असाल तर तळमजल्याची खोली आणि खालचा बर्थ पैसे भरतानाच लिहून घ्या, नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी शेवटी जा, डिसेंबर-जानेवारीत तराईत, म्हणजे तिकडच्या सखल पट्ट्यात, दिवस दिवस धुकं हटत नाही. नुसतं दर्शन हवं असेल तर कमी पैशात जाणाऱ्या बसेस आहेत, पण त्या अडीच तासवाल्या.

जानेवारीच्या शेवटी संस्थेकडून हिशोब आला, दोन पानं, पावत्यांच्या झेरॉक्ससकट. ६३ पैकी ५८ चष्मे पोचले, पाच जण गावात सापडले नाहीत, मजुरीला बाहेर गेलेले. ३१ पैकी १९ जणांची ऑपरेशनं झाली. बाकीच्यांसाठी तिकडच्या ताई परत एक गाडी करणारेत. या वर्षीची चष्म्यांची यादी दादांनी खरंच माझ्याकडून करून घेतली, +२.०० आणि +२.५० मिळून ३५०. आईनं मेनरोडवरून सुयांची दोन पाकिटं आणून माझ्या बॅगेत ठेवलीत, मोठ्या नेढ्याच्या नाही, बारीक नेढ्याच्या, म्हणे ओवता आलं तरच नंबर बरोबर.